दोन सोंडांचा हत्ती

"हीच चूक पुन्हा करून दाखव!" राजा भद्रसेनानं फर्मावलं.

टांकसाळीत घण मारणारा रखमाजी बघतच राहिला. राजाच्या तळहातावर चांदीचं जुनं नाणं होतं. नाण्यावर हत्ती, आणि हत्तीला चक्क दोन सोंडा! टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी जमवायचं राजाला भलतंच वेड. दिवाण विसाजीपंतांनी हे नाणं आणून दिलं, तेव्हा स्वारीनं खुशीत येऊन त्यांना अख्खं गाव बक्षीस दिलं होतं. आता राजाला जोडी हवी होती!

"महाराज, चूक आपोआप होते. ठरवून कशी होणार?"

"तुझ्या आज्याच्या हातून झाली, तुझ्या हातून का नाही? ठसाही तोच आहे! आठ दिवसांत जोडी आण, नाहीतर गाढवावर उलटं बसवून गावाबाहेर काढीन!"

रखमाजीनं आज्याचा ठसा काढला आणि घण उचलला. एक ठोका दिला, ठसा जरासा सरकवला, दुसरा ठोका दिला. सोंडा दोन आल्या खऱ्या, पण शेपट्याही दोन आल्या आणि पाय आठ! पुन्हा ठोकलं, पुन्हा आठ पाय! आठव्या दिवशी त्या बिचाऱ्यानं घण खाली टाकला. "सगुणे, गाव सुटलं गं आपलं," असं तो लेकीला म्हणाला.

सगुणा टांकसाळीच्या भट्टीच्या धगीत लहानाची मोठी झालेली. आठ पायांचे हत्ती बघून तिला हसू आवरत नव्हतं. हसता हसता ती एकदम थांबली.

"आबा, राजाच्या हत्तीला शेपट्या किती?"

"एक."

"नीट आठवा!"

"एकच गं बाई! पायही चारच!"

सगुणानं टुणकन उडी मारली. "चला दरबारात! गाढव लागणार आहे, पण तुम्हाला नाही!"

दरबाराच्या दारात गाढव तयारच होतं. गळ्यात कांद्यांची माळसुद्धा घातलेली! सगुणानं राजापुढे पेटती शेगडी ठेवली.

"महाराज, आपलं नाणं जरा निखाऱ्यावर धरू द्या."

"छे छे! खराब होईल!" विसाजीपंत ओरडले.

"चांदी एवढ्यानं वितळत नाही, दिवाणजी. पण शेगडी माझ्यापुढे आणि घाम तुम्हाला कसा?"

राजानं नाणं पुढे केलं. "खराब झालं, तर बापामागे त्याच गाढवावर तू!"

"कबूल!"

तिनं नाणं चिमट्यात धरलं. सगळा दरबार माना उंच करून बघू लागला. दुसरी सोंड आधी चकाकली, मग थरथरली आणि टप्पकन राखेत पडली! उरला साधासुधा, एका सोंडेचा हत्ती.

"कथलाची सोंड!" सगुणा म्हणाली. "मागून डाख देऊन चिकटवलेली!"

"पण तुला कळलं कसं?"

सगुणानं आबांच्या हत्तींची थैली राजापुढे ओतली. "महाराज, घण अख्ख्या नाण्यावर पडतो. ठसा सरकला की सगळा हत्ती सरकतो. सोंड, शेपटी, पाय, सगळं दोनदा उमटतं. नुसती सोंडच तेवढी दोनदा उमटली, असं कधी होत नाही!"

"म्हणजे चूक झालीच नव्हती तर!"

"झाली होती की! पण ती टांकसाळीत नव्हे, दरबारात. आपण सोंडा मोजून गाव देऊन टाकलंत, शेपट्या मोजल्याच नाहीत!"

राजानं सगुणाकडे पाहिलं, मग आठ पायांच्या हत्तीकडे पाहिलं आणि तो इतका खदखदून हसला की डोक्यावरचा मंदिल ओघळून नाकावर आला!

"ते गाव आजपासून सगुणाचं! ती पारखून देईल तेच नाणं माझ्या पेटीत जाईल. आणि रखमाजी, हे आठ पायवाले सगळे मला हवेत!" राजानं डोळे पुसले. "विसाजीपंत, तुम्ही गाढवावर बसा. उलटे बसा, म्हणजे शेपूट समोरच येईल. जाता जाता नीट मोजून घ्या!"