गाण्याच्या तासाची तपासणी

“यातली खरोखर गाणारी किती, आणि नुसते ओठ हलवणारी किती?”

मोकाशी साहेबांनी वर्गाच्या दारातूनच विचारलं. ते शाळा चालवणाऱ्या संस्थेचे नवे कार्यवाह. माणूस तसा सरळ, पण संशय पाचवीला पुजलेला. दूध चांगलं आहे असं बायकोने सांगितलं, तरी स्वतः वास घेतल्याशिवाय ते चहा टाकू देत नसत.

गाण्याचा तास बंद करून त्या जागी गणिताचा जादा तास घ्यावा, असं संस्थेत घाटत होतं. संध्याकाळच्या बैठकीत मोकाशींचा शब्द अखेरचा होता. त्याआधी डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून ते आले, तर व्हरांड्यातच मुलांचा भरलेला सूर कानावर पडला, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एवढी सगळी पोरं एकदम बरी कशी गातील? चारदोन चांगले गळे पुढे बसवायचे आणि बाकीच्यांना गप्प ठेवायचं, ही शाळांतली जुनी चलाखी त्यांना चांगली ठाऊक होती.

केरबाअण्णा गुरव तंबोरा घेऊन बसले होते. गावच्या देवळात सनई वाजवण्यात त्यांची हयात गेलेली, आणि आता म्हातारपणी ते मुलांना शिकवत.

“तपासा की,” एवढंच ते म्हणाले.

मुलांनी सा लावला. मोकाशी रांगांतून फिरू लागले, एकेका तोंडाशी कान नेऊन…

सगळीच गात होती. खरं सांगायचं तर साहेबांची निराशाच झाली.

मग मागच्या रांगेत शमीम सापडली. आवाज खणखणीत, पण सुराशी काडीमोड.

“ही बेसूर आहे.”

“आहे.”

“कधीपासून शिकते?”

“पहिलीपासून.”

“मग तुम्ही शिकवलंत काय?”

अण्णा उठून मागच्या रांगेत आले. शमीमच्या शेजारची सतरंजी त्यांनी हाताने झटकली आणि साहेबांना तिथे बसायची खूण केली. यात काहीतरी डाव आहे, हे मोकाशींनी ओळखलं. पण मुलांदेखत मागे हटणं बरं दिसेना. बसले.

अण्णांच्या वर्गाची एक रीत होती. गाताना कान द्यायचा तो शेजारच्याच्या आवाजाला. तो ऐकू आला नाही, की हात वर करायचा.

पुन्हा सा लागला. थोड्या वेळाने शमीमचा हात वर गेला.

“अण्णा, साहेबांचा आवाज येत नाही. नुसते ओठ हलताहेत.”

कुणी हसलं नाही. या वर्गात ती हसण्याची गोष्टच नव्हती. मोकाशींचे कान मात्र तापले. सगळा वर्ग चाळून झाला, आणि चोर सापडला तो हा.

 ते खालच्या आवाजात सांगू लागले. चौथीत असताना बाईंनी त्यांना बजावलं होतं, तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. तेव्हापासून घरच्या आरतीतही त्यांचा आवाज निघाला नव्हता. हे त्यांनी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. 

आणि सांगून बसलो म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

“ते राहू द्या,” ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “यातून गवई किती होतील, ते बोला.”

“एकही नाही.”

“एकही नाही…? मग आज बैठकीत ‘तास बंद करा’ असं मी का म्हणू नये?”

अण्णांनी तंबोरा उचलला, शमीम आणि साहेब यांच्या मधोमध आणून उभा धरला आणि तार छेडली.

“बंद करा म्हणा की, साहेब… फक्त आधी इथे सा लावा, आणि मग त्याच आवाजात म्हणा.”