अकरा कौलं

"मग मी एकटा कधी जायचं, मेस्त्री?"

तातू मेस्त्री रस्त्याच्या कडेला बसून पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बोला ना. दोन वर्षं तुमच्या मागून छपरं चढतोय. डिप्लोमा आहे माझ्याकडे."

"आहे की."

"मग?"

"बघू."

हे 'बघू' निशिकांतच्या डोक्यात जाई. गुहागरच्या बाजूला मे महिना लागला की कौलारू घरवाले छप्पर तपासून घेतात, आणि बोलावतात ते तातू मेस्त्रींनाच. 'चांगलं आहे' एवढं मेस्त्री म्हणाले की घरचे पावसाळाभर निवांत. निशिकांतला तेच हवं होतं. आपण चांगलं म्हणावं आणि माणसं निवांत व्हावीत. त्याची तयारी म्हणून त्याने चिपळूणहून नवे बूटसुद्धा आणले होते, चांगले जाड तळाचे. मेस्त्री जन्मभर अनवाणी चढले, ते त्याला मनातून गावंढळ वाटे. पोरगा वाईट नव्हता हो. नुसता घाईत होता.

उषाताई नाटेकरांच्या अंगणात पोचल्यावर मेस्त्री म्हणाले, "आज तू जा वर. मी बसतो खाली."

निशिकांतने दुसऱ्यांदा विचारलं नाही. शिडी लावली आणि बुटांसकट चढला.

उषाताई निवृत्त नर्स. घरात एकट्याच. पुण्याचा पुतण्या त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. कौलं काढ, पत्रे घाल, दरवर्षीची कटकट नको.

"पत्र्याखाली मी भाजून निघेन हो," मेस्त्रींना पन्हं देत ताई म्हणाल्या. "कौलाखाली कशी गार झोप लागते दुपारची. पण शब्द देऊन बसलेय त्याला. यंदा छप्पर खराब निघालं, तर मुकाट्याने पत्रे."

"पन्हं झकास झालंय," मेस्त्री म्हणाले.

अर्ध्या तासाने निशिकांत खाली आला. शर्टभर कोळिष्टकं, पण चेहरा काय खुलला होता!

"वासे चांगले. रिपा चांगल्या. वाळवी नाही. पण कौलं... अकरा फुटलीत, ताई. खाली येताना मोजली."

"अकरा? गेल्या वर्षी मेस्त्रींना तर एकही मिळालं नव्हतं!"

"दिसायला हवं ना," निशिकांत म्हणाला. मेस्त्री समोरच बसलेत हे मग आठवलं आणि त्याने जीभ चावली.

मेस्त्री हसले. "खरंय. डोळे म्हातारे झाले."

ताई मटकन पायरीवर बसल्या. "अकरा म्हणजे खराबच की. संपलं मग." त्यांनी पदराने डोळे पुसले, मोबाइल घेतला आणि पुतण्याचा नंबर शोधू लागल्या.

मेस्त्री निशिकांतला म्हणाले, "एखादा तुकडा आणलास?"

पुरावा म्हणून त्याने आणलाच होता. खिशातून काढून पुढे केला. मेस्त्रींनी तो घेतला नाही.

"तुटलेली कड बघ. रंग?"

"लाल."

"मागीलदारी कधीचं जुनं फुटकं कौल टाकलेलं आहे. त्याची कड बघून ये."

निशिकांत गेला, बघून आला.

"काळी. शेवाळ धरलंय तिच्यावर."

"हं."

एवढंच. मेस्त्रींनी पन्ह्याचा पेला उचलला आणि ते अंगणातल्या कोकमाच्या झाडाकडे बघत बसले.

निशिकांतने हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे. एवढ्या जाड तळाखाली काय मोडतंय ते पायाला कुठून कळणार? त्याचे कान तापले. ही कौलं आज फुटली होती. सकाळपर्यंत धड होती.

त्याने मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री कोकमच बघत होते.

गप्प बसलं तर काय बिघडतं... कौलं उतरतील, पत्रे चढतील, आणि मेस्त्रींना जे दिसलं नाही ते पोराने शोधलं असं गावभर होईल. बोललो, तर मला पुन्हा कोण बोलावणार?

"रिंग जातेय," ताई म्हणाल्या.

निशिकांतने तुकडा मुठीत आवळला.

"उचलेल आता."

"ताई, ठेवा फोन."

"का रे?"

"छप्पर चांगलं आहे. म्हणजे... होतं. मी वर जाईपर्यंत."

ताई बघतच राहिल्या. निशिकांतने बुटांकडे बोट केलं.

"अकराच्या अकरा मी फोडली."

"हॅलो? काकू?" फोनमधून पुतण्या विचारत होता.

"काही नाही रे," ताई म्हणाल्या. "छप्पर ठणठणीत आहे. शब्द दिला होता ना, म्हणून कळवलं." आणि फोन बंद करून त्या निशिकांतवर अशा कडाडल्या की शेजारचा कुत्रा उठून गेला. "मेल्या, बूट घालून कौलावर? लग्नाच्या वरातीत निघाला होतास?" बोलता बोलता त्यांनाच हसू फुटलं. छप्पर वाचल्याचा आनंद हो, लपतो कुठे! "विहिरीपाशी जादा कौलं रचलेली आहेत. चढ आता. आणि ते बूट इथे काढ."

निशिकांत अनवाणी चढला. कौलं तापली होती, तळपाय चटचट भाजत होते. कौलाला खालून आधार देणारी लाकडी रीप कुठे आहे ते पावलाने चाचपत, नेमका तिथेच भार देत, तो एकेक कौल बदलत गेला. दुपारपर्यंत अकराही बसली, बारावं फुटलं नाही. ताईंनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निशिकांतने भात तीनदा घेतला. कधी नव्हे इतकं त्याला हलकं वाटत होतं.

जेवून दोघं परतीच्या वाटेला लागले.

"मेस्त्री... आता अजून किती वर्षं?"

"उद्या असगोलीत दोन घरं बघायचीत. तू एकटा जा."

निशिकांत थांबला. "एकटा? आज अकरा फोडल्यावर?"

मेस्त्री चार पावलं पुढे गेले. मग तेही थांबले...

"माझी पहिल्या दिवशी चौदा होती," ते म्हणाले. "त्या घरी मी अजून सांगितलेलं नाही."