गेनू साहेबांना शाळेत घेऊन येतो

डोंगराआडच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते काम करायचा. सांगाल तसंच करायचा, एवढीच पंचाईत होती.

गावाला शाळा नव्हती. पलीकडच्या गावी जायचं तर मध्ये ओढा, म्हणून पोरं पावसाळाभर घरीच. शेवटी गावकऱ्यांनी एक रिकामा गोठा सारवून घेतला, बारावी झालेल्या अनसूया सूनबाईला शिकवायला बसवलं आणि तिच्या मदतीला गेनूला दिलं. पुढे कधीतरी तालुक्याचे साहेब येऊन बघणार होते. त्यांनी सही केली तर शाळा पक्की, नाही तर गोठ्यात पुन्हा म्हशी.

पहिल्याच दिवशी अनसूयेने गेनूला बाजारातून खडू आणायला धाडलं. गेनू खडू मुठीत धरून ओढा पोहून आला. मूठ उघडली तर आत पांढरा चिखल.

"अहो भावजी, खडू असे आणतात होय? फडक्यात बांधायचे, वर घट्ट गाठ मारायची आणि खांद्यावर टाकून आणायचे."

"बरं वहिनी," गेनू म्हणाला.

आठवड्याने धुरपाबाईची छबी शाळेला यायला तयार होईना. अनसूयेने गेनूला पाठवलं. गेनूने छबीला चादरीत बांधलं, वर घट्ट गाठ मारली आणि खांद्यावर टाकलं. मागून धुरपाबाई खराटा घेऊन धावत आली. छबीला मात्र फार मजा वाटली. उद्याही असंच न्या म्हणून ती हटून बसली.

अनसूयेने कपाळाला हात लावला. "भावजी, लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, गोड बोलायचं. मग ते आपल्या पायांनी येतं."

"बरं वहिनी."

दिवाळीनंतर सुताराकडून नवा फळा आणायचा होता. गेनूने फळ्यावर गूळ ठेवला. चल रे सोन्या, चल रे राजा, असं दुपारपर्यंत समजावलं. फळा लाजत असेल म्हणून आणखी गूळ ठेवला. संध्याकाळी मुंग्या आल्या, पण फळा काही उठला नाही.

"भावजी, फळ्याला पाय असतात का? उचलायचा, डोक्यावर घ्यायचा आणि आणून त्या खुंटीला टांगायचा."

"बरं वहिनी."

आणि एक दिवस साहेब आले. फाट्यावर एसटीतून उतरले. त्यांना घेऊन यायला गेनू गेला होता. त्याने साहेबांना उचललं, डोक्यावर घेतलं आणि आणून कॉलरने खुंटीला टांगलं. साहेब किरकोळ होते, म्हणून खुंटी टिकली.

खुंटीवर दिसेल ते वाचायचं, एवढं पोरांना पक्कं ठाऊक होतं. साहेबांच्या गळ्यातल्या पिशवीवर अक्षरं होती. सगळी पोरं एका सुरात वाचू लागली, "आमची कोठेही शाखा नाही."

साहेब वरून ऐकत राहिले. एकही पोर अडलं नाही.

गावकऱ्यांनी साहेबांना खाली उतरवलं. साहेबांनी कागद काढले, पोरं वाचतात छान, असं म्हणाले. मग गेनूकडे बघितलं आणि त्यांचं पेन थांबलं.

अनसूया घाबरून गेनूच्या कानाशी लागली. "भावजी, कान धरून माफी मागा. साहेब सही करेपर्यंत कान सोडू नका."

"बरं वहिनी," गेनू म्हणाला, आणि त्याने साहेबांचे दोन्ही कान घट्ट धरले.

साहेबांनी सही केली. कागदाच्या तीन प्रती होत्या. तिन्हींवर केली.