बाभळीपर्यंतची सावली

त्या मुलखात डोंगर होते, पण ढग नव्हते. दगड दिवसा भाजत आणि रात्री तडकत. सगळ्या रांगेत पाण्याचा झरा तेवढा एकच, एका उंच कड्याच्या पायथ्याशी. त्या झऱ्यावर एक म्हातारा बिबट्या राहत असे.

एका हिवाळ्यात दूरच्या डोंगरातून रानशेळ्यांचा कळप त्या कड्यावर आला. त्यांच्याकडचं पाणी आटलं होतं. एकीनं उंच दगडावर राखणीला उभं राहायचं, बाकीच्यांनी चरायचं, ही त्यांची जुनी रीत. राखणीला बहुतेक खांडी नावाची म्हातारी शेळीच असे. तिचं एक शिंग अर्धं मोडलेलं होतं, आणि वयामुळं झोप कमी होती.

बिबट्याला आता कडा चढवत नसे. त्यानं खालूनच हाक दिली, "ह्या कड्याच्या सावलीत जो असेल त्याला मी शिवणार नाही. शब्द देतो. सावलीबाहेरचं मात्र मला विचारू नका."

हिवाळ्यात सूर्य कड्यामागून खाली-खालीच चालतो. भर दुपारीसुद्धा सावली पार दरीच्या टोकाच्या बाभळीपर्यंत पसरलेली होती.

खांडीनं विचारलं, "थोरले, सावली अशीच राहील ना?"

"मी माझ्या शब्दाचं सांगतो, म्हातारे. सावलीचं सूर्याला विचार."

शेळ्या हसल्या. कळपाचा बोकड म्हणाला, "शिंगाबरोबर हिचा धीरही मोडलाय. ये खाली आक्के, गवत बघ केवढं आहे!"

खांडी उतरली, कारण तिची लेक चांदी आधीच उतरली होती.

गवत खरंच चांगलं होतं. कड्याच्या मुळाशी, शेळीच्या कुशीएवढ्या उंचीवर, दगडाचा एक लांब पट्टा आधीच कुणी घासून झिजवल्यासारखा गुळगुळीत होता, अंग घासायला तो फार बरा वाटे. बिबट्या पाण्याला त्यांच्यामधूनच जाई, कुणाला धक्का लागला तर बाजूला सरे. बाभळीपलीकडच्या सशांवर तो भागवत होता. हळूहळू राखण सुटली. चढायचं काम राहिलं नाही, तसे खूर पसरट झाले; खांडी तेवढी अधूनमधून वर चढून येई.

मग दिवस मोठे होऊ लागले. एका दुपारी बाभूळ उन्हात आली. तिच्या बुंध्याशी एक लंगडी शेळी निजली होती. बिबट्या उठला, सावलीच्या कडेला थांबला, खाली नीट बघितलं, आणि मगच पुढं गेला.

"थोरल्यांनी शब्द मोडला नाही हं," बोकड म्हणाला. "तिनंच बघून निजायला हवं होतं."

सगळ्यांना ते पटलं.

सावली आखडत गेली. मोठ्या शिंगांच्या शेळ्या आत, बाकीच्या कडेला. रेटारेटीत कुणीतरी बाहेर पडे. बिबट्याला धावावं लागत नसे.

खांडी लेकीला म्हणाली, "पोरी, चल कड्यावर."

"वर ऊन आहे, आई."

"असू दे. वर आपले पाय आहेत."

चांदीनं चढून बघितलं. खूर निसटले. पुन्हा चढली, पुन्हा घसरत खाली आली. खांडी मात्र वर पोचली होती. राखणीच्या दगडावर ती बराच वेळ उभी राहिली. खाली लेक मान वर करून बघत होती. मग म्हातारी एकेक पाय टेकत हळूहळू उतरली.

ऐन उन्हाळ्यात, दुपार व्हायच्या आधीच, कड्याच्या मुळाशी सावलीची नुसती पट्टी उरली. बोकड केव्हाच गेला होता. अंग आत घेतलं तरी त्याची शिंगं उन्हात राहत. उरलेल्या चारदोन शेळ्या दगडाला चिकटून उभ्या होत्या. समोर उन्हात बिबट्या बसला होता, अगदी शांत. सूर्य अजून माथ्यावर यायचा होता.

खांडीनं लेकीला आत ढकललं आणि स्वतः बाहेरच्या अंगाला उभी राहिली. चांदी आणखी बोटभर मागं सरली. दगडाच्या त्या गुळगुळीत पट्ट्यात तिची कूस नेमकी बसली.