अकरा प्रिंटरांचा तक्ता

“पण आपा, या अकरांतला नेमका कुठला घेऊ?”

मी तक्ता पुढे सरकवला. अकरा प्रिंटर, नऊ रकाने, सात महिन्यांचा अभ्यास. माझ्या लेकीच्या, जुईच्या लशींचा कागदसुद्धा मी इतका नीट ठेवला नव्हता.

जुलेखाआपा मिरजेत पस्तीस वर्षं छपाई करतात. आधी लग्नपत्रिका, आता कपांवर फोटो. त्यांनी तक्ता डोळ्यांजवळ नेला, परत ठेवला.

“शिकलेली दिसतेस.”

“एम.एस्सी. रसायनशास्त्र.”

“म्हणूनच...”

जुईच्या बालवाडीच्या बाईंनी मला बावीस कप छापायला सांगितले होते. प्रत्येकावर त्या त्या मुलाचं चित्र. माझं पहिलंच काम. घेणार की नाही, ते त्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ‘नाही’चं वाक्य मी रिक्षातच जुळवून ठेवलं होतं.

“शाईच्या टाकीवाला घे,” आपा म्हणाल्या. “साधा, नवाकोरा. पोटात दुसरी शाई न गेलेला. पहिल्या दिवसापासनं सब्लिमेशनचीच, तापवून कपावर उतरते ती शाई भर. आणि रोज एक तरी पान काढ, नाहीतर शाई वाळून तोंड बुजतं त्याचं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“पण तसले सहा आहेत यात. आणि एकदा ही शाई भरली की पुन्हा साधी भरता येत नाही ना?”

“न्हाय येत.”

“मग निवड चुकली तर?”

आपांनी तक्ता बाजूला सारला.

मग त्यांनी माझ्या शेजारी उभ्या जुईच्या मुठीतला चुरगळलेला कागद अलगद सोडवून घेतला.

“हे कोण गं?”

“आई,” जुई म्हणाली.

चित्रात मला तीन पाय होते.

आपांनी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, उलटा करून छापला. कागदावर आला तो रंग मेलेला, धुऊन धुऊन विटलेल्या फ्रॉकसारखा.

“असाच येतो?” मी घाबरून विचारलं.

त्यांनी तो कागद पांढऱ्या कपावर उलटा चिकटवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

“रद्दी कुठं गेली मेली...”

त्यांच्या हाताला माझा तक्ता लागला.

“आपा, तो...”

तोवर त्यांनी तो कपाभोवती गुंडाळून कप मशीनमध्ये सारलाही होता.

“तापलं की शाईची वाफ होते,” खटका दाबत त्या म्हणाल्या. “ती कपात मुरते. इकडंतिकडं सुटते ती प्यायला वरनं एक कागद लागतो.”

“दुसरा नव्हता का?”

“होता की.”

तीन मिनिटं. एवढी लांब तीन मिनिटं मी फक्त प्रसूतीच्या खोलीत पाहिली होती.

मशीन वाजलं. आपांनी हातमोजे घालून कागद सोलले. साडी लालभडक, केस निळे. तीन पायांवर मी भक्कम उभी होते. जुईने टाळ्या पिटल्या.

आणि मी? कबूल करते, मी आधी तक्ता उचलला. कागद तांबूस झालेला, पहिल्या प्रिंटरपासून अकराव्यापर्यंत लालनिळा धूर पसरलेला.

“आता यातलं काही वाचता येत नाही, आपा.”

“बघू...” त्यांनी तो निरखला. “खरंच की गं.”

मला हसू फुटलं. कधी नव्हे ते पोटातून.

आजवर सल्ला पुष्कळांनी दिला. माझी यादी भाजून काढण्याइतकी माया कुणी केली नव्हती. तेव्हा साधं थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

तिथूनच बाईंना फोन लावला. जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं, पण बाहेर पडलं ते “हो.” बाई म्हणाल्या, “अगंबाई, बरं झालं!”

फोन ठेवला. आपा दुसऱ्या कुणाचे कप पुसायला लागल्या होत्या.

“आपा... आणि माझा पहिलाच कप बिघडला तर?”

त्यांनी मान वर केली नाही.

“मग त्यात चहा पी.”