चार अंडी आणि सरकारी खुळखुळा

फार लांबच्या एका रानात बिबट्याचं राज्य होतं. तो रीतसर निवडून आलेला होता, कारण मतदानाच्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर तो स्वतः बसून होता. त्या रानातल्या उघड्या माळावर आवडाबाई नावाच्या टिटवीनं चार अंडी घातली होती, हुबेहूब खड्यांसारखी दिसणारी. अंडी इथे आणि आरडाओरडा तिथे, हा टिटव्यांचा पिढीजात उद्योग, आणि आवडाबाई त्यात चांगलीच तयार होती. पंख मोडल्याचं सोंग करून तिनं आजवर भल्याभल्यांना भलत्याच झुडपामागे फिरवलं होतं.

एके दिवशी बिबट्यानं सभा घेतली आणि जाहीर केलं, "आजपासून घरटी एक खुळखुळा, तोही फुकट." शिरीषाच्या वाळक्या शेंगेत एक रातकिडा बसवलेला. पाणी कुठे आहे ते तो सांगायचा, अळ्या कुठे निघाल्यात ते सांगायचा, मागाल ते गाणं म्हणायचा. घेण्याची सक्ती अजिबात नव्हती. फक्त खुळखुळ्याशिवाय पाणवठ्यावर सोडत नव्हते.

घेताना केळीच्या पानावर 'मी सहमत आहे' म्हणून पाऊल उमटवायचं. वर बारीक अक्षरात अटी होत्या. एका कासवानं त्या वाचायला घेतल्या. ते निम्म्यावर आलं तेव्हा अटी बदलल्या, म्हणून बिचारं पुन्हा पहिल्यापासून वाचतंय. आवडाबाईनं मुकाट्यानं पाऊल उमटवलं. तिला तहान लागली होती.

पायात बांधताच खुळखुळ्यानं विचारलं, तुमचं घरटं कुठे आहे ते मला कळू द्याल का? उत्तरं दोनच होती, 'हो' आणि 'आत्ता नको'. 'नाही' हा शब्द रातकिड्याला शिकवलेलाच नव्हता. आवडाबाई म्हणाली, आत्ता नको. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा विचारलं. दिवसातून वीसदा तेच उत्तर देऊन तिचा घसा बसला, आणि टिटवीचा घसा बसला की तिच्याजवळ उरतं काय?

चौथ्या दिवशी खुळखुळा आपणहून म्हणाला, "चार अंडी असलेल्या माता सध्या मऊ गवताची गादी पसंत करत आहेत."

 अंडी किती ते नवऱ्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. आवडाबाईनं नवऱ्याला, म्हणजे गोंदाजीला, फैलावर घेतलं. तो दुपारभर शपथा घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी घोरपड आली. आवडाबाईनं तत्काळ पंख लोंबता सोडला, लंगडली, विव्हळली, दूरच्या बाभळीकडे धडपडत गेली. घोरपडीनं मान वळवूनही पाहिलं नाही. "कशाला त्रास घेता, बाई," ती म्हणाली. "खुळखुळ्याला कळलेलं ज्यांना कळवतात, त्या निवडक सहकाऱ्यांपैकी मी आहे. पानावर लिहिलंय की." आणि ती सरळ अंड्यांकडे निघाली. गोंदाजीनं वरून येऊन तिच्या डोळ्यांवर चोची मारल्या, तेव्हा कुठे ती, परवा पुन्हा येते, असं सांगून माघारी वळली.

आवडाबाई तडक सुविधा केंद्रावर गेली. तिथला कारकून कोल्हा फार गोड बोलला. रयतेची गोपनीयता सरकारला प्राणापलीकडे आहे, असं म्हणून त्यानं गोपनीयतेचा अर्ज पुढे केला. पहिला प्रश्न होता, घरटं नेमकं कुठे आहे? दुसरा, अंडी एकटी कधी असतात?

"हे कशाला सांगायचं?" आवडाबाईनं विचारलं.

"कुठे बघायचं नाही, हे सहकाऱ्यांना कळायला नको का?"

आवडाबाईनं अर्ज उलटसुलट करून पाहिला. मग आपण टिटवी आहोत याची तिला आठवण झाली. डोळ्यांत पाणी आणून, थरथरत्या पायानं तिनं लिहिलं: सरकारी गुहा, आतला कोपरा, पालापाचोळ्याखाली, दुपारी कोणी नसतं. कोल्ह्यानं न वाचताच शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोरपड, दोन मुंगसं आणि झाडभर कावळे बिबट्याच्या गुहेत शिरले. अंडं एकही सापडलं नाही. सापडलं ते रानानं दुष्काळासाठी साठवलेलं धान्य, जे उंदरांनी खाल्ल्याचं सभागृहात सांगण्यात आलं होतं. शोधायला गेलेल्यांच्याही पायात खुळखुळे होते, त्यामुळे बातमी पाणवठ्यावर पोचायला वेळ लागला नाही.

बिबट्यानं पुन्हा सभा घेतली.  दुसऱ्याच्या घरात डोकावणं ही आपली संस्कृती नव्हे, असं म्हणत त्यानं जागच्या जागी कायदा केला, की गोपनीयता हा प्रत्येकाचा हक्क आहे. 'प्रत्येक' म्हणजे गुहेत राहणारा, हे खाली बारीक अक्षरात होतं. धान्याचा विषय वेळेअभावी राहिला. घोरपडीची बदली शेजारच्या रानात झाली.

तेवढ्या उसंतीत अंडी उबवून झाली. चार पिल्लं बाहेर आली आणि लगेच खड्यांतून तुरुतुरु पळू लागली. आवडाबाईला इतका आनंद झाला की रडूच फुटलं, आणि आपण सरकारला कसं फिरवलं ते तिनं गोंदाजीला तीनदा ऐकवलं.

तिसऱ्यांदा ऐकवत असतानाच कोल्हा माळावरून आला. एकाही खड्याला न अडखळता तो नेमका पिल्लांपाशी थांबला. निवडणूक लागली होती आणि त्याच्या हातात मतदारयादी होती. चौघांचीही नावं तीत होती, आवडाबाई आणि गोंदाजीनं एकमेकांच्या कानात ठरवलेली.

ही आज सकाळी अंड्यातून निघाली, मत कशी देणार, असं आवडाबाईनं विचारलं.

"त्यांना कशाला त्रास," कोल्हा म्हणाला. "ती कोणाला देणार ते आम्हाला कळलंय. देऊन टाकलंय."