पुसलेला डाग

मंगळवार, सकाळी सव्वानऊ. शेलगव्हाणची वेस. वेशीबाहेर, जिथे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, उभा होता तिथे, कमरेइतका खोल खड्डा.

"तिचंच का, बुवा?"

जनार्दन ढोबळेनं उभ्यानंच विचारलं. खड्ड्याच्या काठावर सोमगिरी बुवा बसले होते, दोन्ही मांड्यांवर एकेक फोन. पलीकडे रेहाना मुजावर चपलेतला खडा काढत होती.

बुवांनी चाळीस वर्षं गावोगावच्या वीरगळांचे कागदावर ठसे घेतले. आता हात कापतात. म्हणून हे दोन शिष्य. दगडाभोवती फिरत फोनवर फोटो काढायचे, त्या फोटोंतून फोन पडद्यावर दगडाचं मॉडेल उभं करतो. बोटानं फिरवलं की दगड सगळीकडून दिसतो.

आठ दिवसांपूर्वी रस्ता रुंद करणाऱ्यांनी हा दगड उचलला. विचारलं तेव्हा लेखी उत्तर आलं, एका ओळीचं: सदर ठिकाणी कोणताही दगड नव्हता.

बारा वाजता तहसिलीत सुनावणी होती. दगड होता याचा पुरावा म्हणून दोघांपैकी एकाचं मॉडेल जाणार होतं. बुवांनी रेहानाचं निवडलं.

"सहा वर्षं तुमच्या मागे फिरतोय मी. ही काल-परवा आली."

"हं."

"माझे तीनशे चाळीस फोटो आहेत. तिचे नव्वद. तिच्या दगडाला मागून भगदाड आहे, बुवा! उंदराचं बीळ वाटतं."

"मला गिलावा येत नाही, जनादादा," रेहाना म्हणाली.

बुवा हसले नाहीत. जनाचा दगड त्यांनी अंगठ्यानं फिरवला. पाठ अखंड होती.

"दगडामागे वेशीची भिंत होती ना रे?"

"होती."

"मग तू पाठ कशी पाहिलीस?"

"पाहिली नाही. सॉफ्टवेअरनं भरली."

"आणि खालच्या पट्टीत गाई किती?"

"...चार असतील."

"सात," रेहाना म्हणाली. बुवांनी हात वर केला.

"फोटो काढले त्या दिवशी रेहाना किती वाजता आली होती, जना?"

"साडेसातला." उत्तर लगेच आलं. "ऊन यायच्या आत. भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. एक वाकून, एक उभ्यानं, एक टपरीवाल्याचं स्टूल मागून घेऊन. मग मातीत बसली. खालची पट्टी नखांनी मोकळी केली. मधेच ओढणीनं भिंग पुसलं, दोनदा. नऊला गेली."

"तू कुठे होतास?"

"टपरीवर."

"दीड तास?"

जनानं पायानं एक ढेकूळ खड्ड्यात ढकललं.

"आणि दगडापाशी?"

"...दहा मिनिटं. व्हिडिओ काढला, त्यातूनच फोटो कापले."

रेहानानं मान खाली घातली. हसू लपवायला असेल, किंवा दुसऱ्या कशाला.

बुवांनी जनाचा फोन डोळ्यांजवळ नेला. दगडाची उजवी कड. तिथे बोट ठेवलं.

"हे असं गुळगुळीत का? हा दगड इथे असा नव्हता."

"डाग होता. पुसला मी. मॉडेलमधून."

"तिच्या दगडावर डाग नाही."

"ती गेल्यावर लागला. रस्त्याच्या कामावरची दोन माणसं आली. पिवळा रंग, ब्रश. माझ्या डोळ्यांदेखत लावून गेली, ओला होता अजून. तिचा दगड स्वच्छ आणि माझाच तेवढा..." तो थांबला. "घाण दिसत होतं ते."

वाऱ्यानं खड्ड्यात माती घसरली.

"फोटो?" बुवांनी विचारलं. "ते तीनशे चाळीस?"

"...मॉडेल झालं की काढून टाकतो. फोनमध्ये जागा नसते."

"व्हिडिओ?"

"तोही."

रेहाना उठून उभी राहिली. "जनादादा, अहो, दगड नव्हताच म्हणतायत ते! आणि त्यांच्याच हातचा रंग..."

"कळतंय मला!"

"बस, रेहाना," बुवा म्हणाले.

त्यांनी रेहानाचा फोन झोळीत टाकला. जनाचा त्याच्या हातात दिला आणि त्याच्याच दंडाला धरून उभे राहिले.

"मॉडेल तिचं जाईल. बोलशील तू."

"मी? मी काय बोलू? माझ्याकडे काहीच उरलं नाही, बुवा."

"दीड तास बसला होतास ना?"

"तिच्याकडे बघत होतो..." त्यानं मान वळवली. "दगडाकडे नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं काम करत होती, ते बघत होतो."

"कशासाठी का असेना. डोळे उघडे होते." बुवांनी दंड सोडला नाही. "डाग कसा होता?"

"डाग म्हणजे... आकडा होता."

"कुठला?"

"चौदा."

बुवांनी खड्ड्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. रस्ता नवा, काळा, सरळ, पुढच्या गावापर्यंत.

"दगडावर चौदा होता म्हणून तहसिलीत सांग," ते म्हणाले. "आणि मग विचार, आधीचे तेरा दगड कुठे आहेत?"